नळ यायच्या आत

अमरावतीत मी अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. शिकवतो म्हणजे, पहिल्या दिवशी एक तमाशा करतो आणि उरलेलं वर्ष त्या तमाशाच्या पुण्याईवर काढतो. तमाशा असा: काचेच्या टबात पाणी, पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, आणि वरून चिमट्याने सोडलेला हरभऱ्याच्या डाळीएवढा सोडियमचा तुकडा. तो पाण्यावर फुसफुसत पळतो, वितळून गोल मोती होतो आणि जिथून जातो तिथे गुलाबी रेघ सोडतो. पोरं ओरडतात. मी हात मागे बांधून, सोडियम जणू मीच जन्माला घातलं अशा चेहऱ्याने उभा राहतो. मग सावकाश सांगतो, "हा लहान तुकडा होता. मोठा असता तर आपण हे बोलत बसलो नसतो." यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडायची.

सोडियमला पाण्यापासून लांब ठेवावं लागतं, म्हणून ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. पण आता रॉकेलच मिळत नाही. रेशनच्या दुकानातून ते कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. त्यामुळे माझ्याकडच्या शिशीतलं रॉकेल उडत गेलं आणि आतल्या तुकड्यांचा पांढरा भुगा झाला. मे महिना संपत आला होता, नवी बॅच सुरू व्हायची होती आणि माझ्याकडे तमाशाच नव्हता.

माझा एक जुना मित्र अकोल्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ये अन् घेऊन जाय."

गेलो. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे बोलायची सोयच नाही. प्रयोगशाळेत कुलर पाण्याचे तुषार उडवत गरगरत होता आणि मित्र त्याच्यापासून लांब, पार कोपऱ्यात उभा होता. समोर सोडियमची बरणी. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

"खडे मोठे आहेत बे," तो म्हणाला. "कापून देऊ?"

"घरी कापतो."

"शिशी आणली?"

शिशी आणायची राहिली होती. मी पिशवीतून माझा जेवणाचा स्टीलचा डबा काढला. पोळीभाजी आधीच खाऊन झाली होती. रुमालाने आतून कोरडा, अगदी चकचकीत पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"अबे, पोयीचा डबा आहे हा!"

"घट्ट बसते झाकण. तू टाक ना."

त्याने गुळाच्या खड्यांएवढे काही खडे टाकले, ते बुडेपर्यंत रॉकेल ओतलं, आणि वरचं झाकण दाबताना माझ्याकडे बघत म्हणाला, "हे कोनाच्या हाती देऊ नको."

"मी का लहान पोट्टा आहो?"

डबा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारली आणि खांद्यावरच्या झोळीत ठेवला. झोळीत आधीपासून दुसरा एक स्टीलचा डबा होता, तोही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. तो मूर्तिजापूरच्या मावशीचा.

मावशीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझ्या आईची ही धाकटी बहीण. काका गेल्यापासून एकटीच राहते. आमच्या घराण्यात डबे फिरत असतात: तिचा डबा आमच्याकडे काहीतरी घेऊन येतो, तो रिकामा परत जात नाही, काहीतरी भरूनच जातो. माझ्या बायकोने या खेपेला बेसनाचे लाडू भरले होते. आता यात मावशीची स्वतःची एक शिस्त आहे. आलेला डबा ती ताबडतोब उघडते, आतलं दुसऱ्या भांड्यात काढते आणि डबा त्याच पावली घासायला टाकते. कोणाचाही उष्टा डबा तिच्या घरात दिवे लागेपर्यंत राहिलेला मी पाहिला नाही.

मूर्तिजापूरला उतरलो, तिच्या दारात गेलो, झोळीत हात घातला आणि डबा दिला.

"लाडू पाठवले सुनेनं."

"बस ना बाप्पा. पण चहा कशाचा करू? आठवड्याभराचा नळ नाई. माठात तळाशी गाळ आहे नुसता. आज येते म्हनून राहिले चार-पाचच्या सुमाराले, आला तर आला."

"नको, बस सुटन माझी."

"सुटू दे! कावून एवढी घाई? कोन वाट पाहून राहिलं तुयी?"

मी हसत हसत निघालो आणि अमरावतीची बस पकडली. खिडकीची जागाही मिळाली. इतकं सगळं सुरळीत चाललं की मला शंका यायला हवी होती.

बडनेऱ्याच्या थोडं अलीकडे मला भूक लागली. म्हटलं, सोडियमचं झाकण नीट आहे ना, तेही बघून घेऊ. गाठ सोडली. रॉकेलचा वास येईना. साजूक तुपाचा आला. झाकण काढलं तर पिवळेधमक लाडू. आता इथे माझ्या बुद्धीचा वेग लक्षात घ्या. मला पहिल्यांदा आनंद झाला. मी एक लाडू उचलला आणि खाल्ला. चांगला झाला होता, वेलदोडा थोडा जास्त. दुसऱ्या लाडवाचा घास तोंडात असताना लक्षात आलं की लाडू इथे आहेत, म्हणजे तिथे काय आहे.

उरलेला लाडू मी परत डब्यात ठेवला.

मावशी डबा उघडणार. रॉकेलचा वास आला की नाक मुरडणार, पण टाकून देणार नाही. डबा घासायला मोरीत ठेवणार. आणि नळ येणार. माझ्या टबात डाळीएवढा तुकडा असतो. त्या डब्यात गुळाचे खडे होते. ते वाकलेल्या बाईच्या तोंडासमोर, बंद मोरीत. माझं ते वर्गातलं लाडकं वाक्य मला आठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकून मीच गप्प झालो.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मावशीचा बटणांचा फोन बहुतेक वेळा गहू-तांदळाच्या डब्यावर असतो आणि ती अंगणात. तिसऱ्यांदा उचलला.

"मावशी, डबा उघडू नको!"

"कोनता डबा? तुया बायकोनं रॉकेल कावून पाठवलं रे? लाडू म्हनला ना तू?"

"उघडला तू?"

"मंग का पूजा करू त्याची? बाकी रॉकेल चांगलं आहे. कुठं भेटलं तिले? मी शिशीत गाळून ठेवलं, गुडघ्याले चोळायले."

"रॉकेल काढलं? अन् त्यातले खडे?"

"ते काळे दगडं? ते..."

"मावशी, पाणी लावू नको त्याले! ऐकू येते का? पाणी—"

"पाणी कुठं आहे बाप्पा, अजून नळ—"

आणि फोन बंद. तिचा फोन चार्ज नसतो. तो कधीच नसतो.

मी बस थांबवली. कंडक्टर म्हणाला, इथे स्टॉप नाही. मी म्हणालो, मला उलटी होतेय. ते खोटंही नव्हतं. हायवेच्या पलीकडे जाऊन दिसेल त्या गाडीला हात करत सुटलो. शेवटी संत्र्याचे रिकामे कॅरेट घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला.

"मूर्तिजापूर. जरा लवकर."

ड्रायव्हरने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोनी सिरियस आहे का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

तो मधूनमधून तिरप्या नजरेने बघत राहिला. डॅशबोर्डवर त्याची पाण्याची बाटली होती. प्रत्येक खड्ड्याला ती डचमळायची आणि मी तिचं झाकण घट्ट आहे ना ते बघायचो. दोन्ही बाजूंना काळी शेतं उन्हाने भेगाळून पडली होती. एरवी त्या भेगा बघून मला वाईट वाटतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात म्हणत होतो, असंच राहा, कोरडं राहा, आणखी थोडा वेळ.

गावात शिरलो आणि पहिल्याच गल्लीत रस्ता ओला दिसला. पुढच्या गल्लीत मोटारींची घरघर. नळाला मोटार लावून पाणी ओढायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे नळ आल्याचं कानाला आधी कळतं. बायका पाइप धरून उभ्या होत्या, ड्रम भरून वाहत होते, नाल्यांमधून गढूळ पाणी पळत होतं. पाणी एकेक गल्ली घेत मावशीच्या घराकडे चाललं होतं, आणि मीही. टेम्पोतून उतरून मी धावत सुटलो. माझं वय आणि पोट बघता त्याला धावणं म्हणणं धाडसाचं आहे.

मावशीची गल्ली कोरडी होती. ती ओट्यावर बसली होती. धडधाकट, दोन्ही हात, दोन्ही डोळे.

"आला का? लाडू आनले?"

"खडे कुठे आहेत?"

"टाकले नालीत."

नाली तिच्या ओट्याला लागूनच. आठवडाभर पाण्याचा थेंब न गेल्याने ती भाजून तडकलेली, आणि त्यात सुकलेली पानं, कागद, आणि मधोमध माझे खडे. वर पांढरी बुरशी धरल्यासारखे. दगड म्हणावेत असेच दिसत होते. मी आयुष्यात पाहिलेल्या वस्तूंमध्ये इतकी निरुपद्रवी दिसणारी वस्तू दुसरी नाही.

"सांडशी दे. अन् रॉकेल दे ते."

"रॉकेल नाई देत मी."

"मावशी!"

"अरे, किती वर्सांनी डोळ्याले दिसलं. तुले पाहिजे तर पेट्रोल पंपावर जाय."

"मावशी, हे दगड नाहीत. याले पाणी लागलं की पेटते. फुटते. बॉम्ब समज!"

"बॉम्ब," ती म्हणाली, "लाडवाच्या डब्यात." मग उठली, आत गेली आणि शिशी, सांडशी आणि तो डबा असं सगळं माझ्यासमोर ठेवलं. मी गुडघ्यांवर बसून एकेक खडा उचलून डब्यात टाकला, वरून रॉकेल ओतलं.

"झाले?" तिने विचारलं.

"एवढेच होते?"

"एक घरंगळत गेला होता त्या फरशीखाली."

शेजारच्या दारासमोर नालीवर दगडी फरशी टाकलेली होती, पाय ठेवायला. मी खाली वाकून पाहिलं. अंधार. आणि तेवढ्यात शेजारणीच्या नळाने खोकल्यासारखा आवाज केला. आधी नुसती हवा येते, फुर्र फुर्र, मग लाल पाणी, मग खरं पाणी. गल्लीतलं एकेक दार उघडलं. "आला, आला!" बादल्या, पाइप, मोटारी.

मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "नळ बंद करा! कोणी पाणी सोडू नका!"

आठवड्याने नळ आलेल्या गल्लीला हे सांगणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

"काय झालं हो याले?"

"ऊन लागलं वाटते."

"अमरावतीचे आहेत ना, त्यांच्याकडे रोज येत असन."

"अहो काकू, नालीत सोडियम आहे! पाणी लागलं तर फुटन!"

"मंग तुमी कावून टाकलं?" शेजारच्या काकूंनी पाइप ड्रममध्ये घालत विचारलं.

गल्लीच्या वरच्या टोकाच्या घराचा ड्रम भरून वाहू लागला. पाणी नालीत उतरलं. ते तोंडाशी पालापाचोळा ढकलत, जीभ काढत सावकाश येत होतं. त्याला घाई नव्हती. मी त्याच्या पुढे पुढे नाचत होतो, हातवारे करत, आणि एव्हाना माझ्या आवाजात असं काहीतरी आलं असावं की काकूंनी मोटार बंद केली, समोरच्या आजोबांनी नातीला आत ओढलं आणि गल्ली हळूहळू गप्प झाली. "पाणी नको," कोणीतरी पलीकडे सांगत होतं, "ते म्हनून राहिले, पाणी लावू नका." चला, म्हटलं, निदान ऐकलं.

मी वळून पाहिलं. मावशी फरशीपाशी वाकलेली, हातात खराटा, आणि खराट्याचा दांडा फरशीखाली घालून ती खडा ओढायच्या प्रयत्नात.

"हट तिथून!"

"निंघून राहिला, निंघून राहिला, तूच म्हनला ना काढा—"

पाणी फरशीखाली गेलं. आधी फुसफुस ऐकू आली. माझ्या टबातली, ओळखीची. क्षणभरच. मग फरशीच्या फटीतून पिवळा उजेड दिसला आणि आवाज झाला. फार मोठा नव्हता. दिवाळीच्या सुतळी बॉम्बपेक्षा थोडा जास्त. फरशी एका कडेने उचलून पुन्हा बसली आणि फटीतून गढूळ चिखलाचा फवारा मावशीच्या तोंडावर आला.

ती मागे बसली. चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर चोळत नवलाने म्हणाली, "साबन लागल्यावानी बुळबुळ करून राहिलं रे."

मी हे दरवर्षी वर्गात सांगतो. सोडियमनंतर पाण्यात जे उरतं तो दाहक अल्कली, हाताला साबणासारखा लागतो. कारण तो आपल्या कातडीच्या चरबीचा खरोखरच साबण करत असतो. यावरही एक विनोद करतो. पोरं हसतात. मावशीचा डावा डोळा मिटला होता आणि पापणीतून तोच साबण वाहत होता.

अशा वेळी एकच करायचं असतं. पाणी. ताबडतोब, भरपूर, थांबायचं नाही. मी काकूंच्या ड्रममधला पाइप ओढला आणि मावशीकडे धावलो.

काकूंनी माझं मनगट धरलं.

"पाणी नको!"

"सोडा!"

"तुमीच म्हनले! पेटते म्हनले! धरा हो याले!"

दोघांनी मला मागून धरलं. कोणीतरी नळ बंद केला. मी एवढा वेळ ज्यासाठी घसा फोडत होतो ते नेमकं आता झालं. "आता पाणीच पाहिजे!" मी ओरडत होतो. "ते वेगळं होतं, हे वेगळं आहे! तिच्या डोळ्यात सोडियम नाही, त्याच्यापासून झालेलं आहे—" भर गल्लीत, दोन माणसांनी काखेत हात घालून धरलेल्या अवस्थेत, मी मूर्तिजापूरला रासायनिक समीकरण समजावत होतो. समजत कोणालाच नव्हतं. आणि प्रत्येक शब्दागणिक तो डोळा जात होता. अल्कली थांबत नाही. आत आत जात राहतो. हे गल्लीत फक्त मला माहीत होतं, आणि गल्लीत फक्त माझ्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

"सोडा त्याले," मावशी म्हणाली. ती तशीच बसली होती, एक डोळा घट्ट मिटून. "येडा आहे, पन शिकवते तेच. पाणी टाकू द्या."

मग मी तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, पापण्या बोटांनी फाकवल्या आणि पाणी सोडलं. नळ कधी जाईल याचा भरवसा नव्हता, गेलाच. काकूंनी आपली भरलेली बादली आणून ठेवली. मग समोरच्या घरातून एक घागर आली. मग कोणाचा तरी अर्धा ड्रम, दोघांनी उचलून. आठवड्याने आलेलं पाणी एकेक करून त्या डोळ्यात रिकामं होत होतं. "थंड लागते," मावशी एकदा म्हणाली. मी म्हटलं, "उघडा ठेव." "उघडाच आहे," ती म्हणाली, आणि माझे हात थांबता थांबता राहिले.

त्याच रात्री अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय गेलं डोळ्यात? मी नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, घरात कसं आलं? मी म्हणालो, डब्यातून. लगेच धुतला म्हणून एवढं तरी आहे, म्हणाले. थोडं आणखी लगेच धुतला असता तर, असं काही ते म्हणाले नाहीत. ते मीच मनात म्हटलं.

औषधं, मलमं, पट्ट्या. नवी बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी मी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि पुस्तक उघडायला सांगितलं. पोरं जरा नाराज दिसली.

पावसाळ्यात एकदा तपासणीला मीच तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, तिचा चांगला डोळा हाताने झाकायला सांगितला आणि मला खुणेने तिच्या समोर उभं केलं.

"काय दिसते आजी?"

"उजेड दिसते."

"अजून?"

ती बराच वेळ बघत राहिली. तो डोळा माझ्या दिशेने होता. दुधात पाणी टाकल्यासारखा, माझ्या थोडा डावीकडे रोखलेला.

"कोनीतरी उभं आहे," ती म्हणाली.

"कोण आहे? ओळखता येते का?"

"नाई." मग विचार करून: "माया भाचा नसन. तो असता तर एवढा वेळ बोलल्याशिवाय राह्यला नसता."

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे पाहिलं, मी आता बोलावं म्हणून. मी तोंड उघडलं. ती तशीच बघत होती, वाट पाहत.